कापमामांच्या अंगठ्याची पेशी

मित्रांनो, वहीत तुम्ही पेशीचं चित्र काढता ना? झाकण ठेवून गोल मारायचा, मधे एक टिंब द्यायचं, चार बाण काढायचे, की झाली पेशी! त्या चित्रात मला शोधू नका, मी तिथे सापडणार नाही. मी एका माणसाच्या अंगातली म्हातारी चेतापेशी आहे. माझं डोकं मानेच्या खाली, कण्याच्या आत, आणि माझं दुसरं टोक उजव्या अंगठ्याच्या मुळाशी. लांबी म्हणाल तर हातभर, आणि जाडी म्हणाल तर केसाहून कितीतरी कमी. असलं हे माझं ध्यान!

ज्यांच्या अंगात मी राहते त्यांना कॉलेजात सगळे कापमामा म्हणतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं ते खोडांचे, मुळांचे आणि पानांचे काप काढत आले. तुम्ही विचाराल, कण्याच्या अंधारात बसून हिला बाहेरचं कसं कळतं? अहो, वरून मेंदूकडून हुकूम येतात, त्यांच्याबरोबर गप्पाही येतात. साहेबाच्या घरात काय चाललंय हे शिपायाला ठाऊक असतं की नाही? तसंच आमचं.

माझा जन्म मामांच्याही आधीचा. ते आईच्या पोटात होते, त्यांचं नावसुद्धा ठरलं नव्हतं, तेव्हाच मी जागेवर बसले होते. कातडीच्या पेशींचं बरं असतं. एकीच्या दोन होतात, जुन्या झडतात, नव्या येतात, आणि महिन्याभरात सगळं गाव नवं होतं. आमच्यात ते नाही. चेतापेशी एकदा घडली की पुन्हा विभागत नाही. मेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. लहानपणी मला याचा केवढा ताठा होता! आम्ही कायमच्या, बाकीच्या येऊन जाऊन, असं मी शेजारणींना ऐकवायचे. आता तीच गोष्ट आठवली की मला धडकी भरते.

माझ्या घरात काय काय आहे तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी नुसतीच रडते. बाहेरून पातळ पेशीपटल आहे. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचं हे ते ठरवतं. आत पेशीद्रव्य भरलेलं. मधे केंद्रक, आणि त्यात सगळ्या कामांची मूळ प्रत जपून ठेवलेली. मूळ प्रत कधी बाहेर जात नाही, नक्कल जाते. ती नक्कल वाचून रायबोसोम प्रथिनं बनवतात, गॉल्गी पिंड त्यांची पुडकी बांधून पाठवणी करतं. तंतुकणिका ऊर्जा पुरवतात. लयकारिका खराब झालेला माल फोडून साफ करतात, म्हणजे आमच्या सफाई कामगारच म्हणा ना. झाडांच्या पेशींना पटलाच्या बाहेर भक्कम भित्तिका असते, मला ती नाही.

हे सगळं इतर पेशींमध्येही असतं, पण त्यांचा संसार एका खोलीत मावतो. माझा माल डोक्यात तयार होतो आणि लागतो अंगठ्याशी! तो पोचवायला दोन पायांची हमाल प्रथिनं आहेत. पाठीवर पुडकं घेऊन ती एकेक पाऊल टाकत हातभर वाट चालतात. काही पुडकी पोचायला दिवसच्या दिवस जातात. निरोपाला मात्र वेळ लागत नाही. तो विजेसारखा धावतो आणि तुम्ही पापणी मिटायच्या आत अंगठा हलतो.

अंगठ्याच्या मुळाशी जो मऊ उंचवटा आहे, तो हाताने चाचपून बघा. त्या स्नायूंवर आम्ही शे-दीडशे बहिणी राबायचो. प्रत्येकीकडे शंभरेक तंतू दिलेले. मी सांगितलं की माझे तंतू आखडायचे, आणि सगळ्या एकदम बोलल्या की वस्तऱ्याची पकड घट्ट व्हायची.

तो वस्तरा म्हणजे मामांचा प्राण. गाजराचा तुकडा घ्यायचा, त्याला उभी चीर द्यायची, चिरेत कोवळं खोड बसवायचं. डाव्या हातात गाजर, उजव्या हातात ओला केलेला वस्तरा. मग श्वास रोखून तो आपल्याकडे ओढायचा. एक, दोन, दहा, वीस. काप काचेच्या वाटीतल्या पाण्यावर तरंगायचे. त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ एका पेशीच्या जाडीचा, मामा कुंचल्याने उचलायचे, लाल रंगात बुडवायचे, धुवायचे, काचपट्टीवर ठेवून ग्लिसरीनचा थेंब टाकायचे आणि वरून पातळ काच तिरकी टेकवत सोडायचे. बुडबुडा शिरला तर तोंडातल्या तोंडात स्वतःलाच शिवी हासडायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली सगळा पेशींचा मोहल्ला मांडलेला दिसायचा, भिंतीला भिंत लागून.

विभागाच्या मॅडम स्वतः याच प्रयोगशाळेत शिकलेल्या. नव्या मुलांना त्या दरवर्षी सांगायच्या, "यंत्राने जमणार नाही इतका पातळ काप मामा हाताने काढतात. जा, आधी बघून या." मामा वर न बघता म्हणायचे, "काप माझा, पण डोळा तुमचा पाहिजे." हे ऐकलं की मला अगदी धन्य वाटायचं. मुलं माझ्या तोंडावर माझं कौतुक कधी करणार नव्हती, पण मी ते आपलं समजून घ्यायचे.

आमच्या कॉलेजात एक पद्धत होती. प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकाला सारखाच काप मिळावा, कोणाचा जाड, कोणाचा पातळ असं होऊ नये, म्हणून परीक्षेचे सगळे काप मामा काढायचे. मुलांनी सूक्ष्मदर्शकात बघायचं, दिसेल ते काढायचं, नावं द्यायची. एकतीस वर्षांत मामांच्या कापाबद्दल एकही तक्रार आली नव्हती.

गेल्या वर्षी माझ्या शेजारची बहीण गेली.

आधी तिच्याकडचे हमाल वाटेतच रेंगाळायला लागले. मग तिच्या पेशीद्रव्यात वेडीवाकडी प्रथिनं साठली, गोळे झाले, आणि लयकारिकांना ते उचलेनात. तिचं अंगठ्याकडचं टोक सुकत सुकत मागे आलं. असं का झालं ते मला सांगता येत नाही. भल्या भल्या शहाण्यांनाही अजून पुरतं सांगता येत नाही. तिने कोणाचं वाकडं केलं नव्हतं.

तिचे शंभर तंतू पोरके झाले. पोरक्या तंतूला कोणी सांगणारा नसला की तो वाळून जातो. मी काय केलं? माझ्या टोकाला नवे फाटे फोडले आणि तिची पोरं पदरात घेतली. आमच्यात हे चालतं. पलीकडची गेली, तिचीही घेतली. तिच्याही पलीकडची गेली, हाताला लागली तेवढी घेतली. शंभरांच्या जागी चारशे तोंडं सांभाळताना माझ्या नाकीनऊ आले, पण अंगठा हलत राहिला. निम्म्या बहिणी मेल्या तरी मामांना पत्ता नव्हता. मला वाटायचं, मी केवढं मोठं काम करतेय. कसलं डोंबलाचं मोठं! मी घरचं दुखणं झाकून ठेवत होते.

पहिल्यांदा मामींच्या लक्षात आलं. मामा पेपर वाचत होते आणि अंगठ्याच्या मुळाशी कातडीखाली काहीतरी फडफडत होतं.

"अहो, हे काय उडतंय हातावर?" मामींनी विचारलं.

"डोळा नाही का लवत? तसंच काहीतरी," मामा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

ती आमची तडफड होती, मित्रांनो. मरणाऱ्या पेशी हुकूम नसतानाच बोलायला लागतात. पण कण्यातलं ओरडणं कानापर्यंत जात नाही.

मग काप जाड येऊ लागले. आता खरी गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, कपाळाला हात लावायची गोष्ट. ज्या माणसाने एकतीस वर्षं मुलांना सांगितलं, काप बिघडला तर आधी हत्यार बघा, त्याने तेच केलं. मामांनी वस्तऱ्याला धार लावली. मग वस्तरा बदलला. मग गाजर नरम आहे म्हणून बटाटा घेतला, बटाट्यावर चिडले, पुन्हा गाजरावर आले. भाजीवाल्याशी भांडून आले. खिडकीतून वारा येतो म्हणून खिडकी बंद केली. मॅडमना सांगून टेबलाच्या पायाखाली लाकडाची चकती घातली. प्रयोगशाळेतली एकूण एक वस्तू त्यांनी तपासली. तपासला नाही तो फक्त अंगठा, कारण तो त्यांच्या हिशेबी हत्यारात मोडत नव्हता.

परीक्षा आली. मामांनी सकाळपासून शंभरावर काप काढले. एका कडेला पातळ आणि दुसरीकडे जाड, असे पाचरीसारखे तुकडे पडत होते. त्यातल्या त्यात बरे चाळीस निवडून त्यांनी काचपट्ट्यांवर चढवले आणि मनाची समजूत घातली, कडेला तरी दिसेल.

मुलं गेल्यावर काचपट्ट्या धुवायला घेताना त्यांनी एक सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लालभडक गोळा! दुसरी धरली, तिच्यातही गोळा. मामा तिथेच स्टुलावर बसले. त्यांची पहिली भीती ही होती की आपल्यामुळे चाळीस पोरं नापास झाली. मॅडमच्या खोलीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, तो त्यांनी उघडला.

एकूणचाळीस मुलांनी अख्खं खोड काढलं होतं. बाहेरचा थर, आतला थर, वाहिन्यांचे जुडगे, मधला भेंड, सगळं रेखीव, सगळ्यांना नावं, बाण मोजपट्टीने ओढलेले. एकूणचाळीस चित्रं एका साच्यातून काढल्यासारखी सारखी होती, कारण ती पुस्तकातली होती. आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांना भरभरून गुण दिले होते.

त्या क्षणी वरून जे आलं तो हुकूम नव्हता. मला ते काय होतं ते सांगता येत नाही, पण अंगठा आपोआप सैल पडला. एकतीस वर्षं आपण पेशीइतका पातळ काप काढत होतो, तो कोणी बघत तरी होतं का, असा प्रश्न त्या माणसाला पडला होता.

चाळिसावी उत्तरपत्रिका चष्मिसची होती. वर्गातली ही मुलगी, सगळे तिला याच नावाने हाक मारतात. तिने एक तांबडा डाग काढला होता. डागाच्या एका कडेला नाजूक हाताने अकरा पेशी काढल्या होत्या, प्रत्येकीची भित्तिका वेगळी, एकीत केंद्रक. खाली लिहिलं होतं, "एवढंच दिसलं. बाकीचा भाग जाड असल्यामुळे दिसत नाही." तिला प्रात्यक्षिकात नापास केलं होतं. म्हणजे तिचं वर्ष गेलं.

मामा घरी आले आणि न जेवता बसून राहिले. मामींनी विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं.

"एकाच पोरीने बघितलं हो, आणि तिलाच मी बुडवली," मामा म्हणाले.

"मग सांगा ना तसं मॅडमना."

"सांगायचं म्हणजे काप जाड होता असं सांगायचं. मी."

"तुम्हीच. दुसरं कोण सांगणार?" मामी म्हणाल्या. मग त्यांचा हात हातात घेऊन त्यांनी तो दिव्याजवळ धरला. "अहो, हा उंचवटा कुठे गेला? इथे खड्डा पडलाय."

तेव्हा कुठे मामांनी अंगठ्याकडे पाहिलं.

मॅडमनी आधी विश्वासच ठेवला नाही. "मामा, तुमचा काप? जाड? काहीतरीच काय!" पण मामांनी जपून ठेवलेली चष्मिसची काचपट्टी त्यांनी भिंगाखाली धरली, आणि मग त्यांना पटलं. त्यांनी परीक्षकांशी फोनवर भांडून चष्मिससाठी फेरपरीक्षा मिळवली. परीक्षकांची अट एकच. बाकीच्यांना मिळाला तसाच मामांच्या हाताचा काप, आणि तो परीक्षकांच्या समोर काढलेला. तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरली.

त्या तीन आठवड्यांत मॅडमनी मामांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हातोडीने ठोकलं, स्नायूत सुई घालून आमचं बोलणं यंत्रावर ऐकलं. माझं म्हणणं कोणीतरी पहिल्यांदा ऐकत होतं, आणि मी तेव्हा नेमकी बरळत होते.

"स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरतायत," डॉक्टर म्हणाले. "अजून काही तपासण्या करू, पण मला तेच वाटतंय."

"नव्या येतील ना?" मामींनी विचारलं.

"नाही. त्या पुन्हा होत नाहीत."

"औषध?"

"वेग थोडा कमी करणारं आहे. बरं करणारं नाही. आज हात आहे, पुढे पाय, मग गिळणं, श्वास."

मामांनी इतकंच विचारलं, "तीन आठवडे अंगठा टिकेल का?" डॉक्टरांनी औषध लिहायला कागद पुढे ओढला.

मित्रांनो, मामांना आता बाकी काही नको होतं. एक काप, फक्त एक, त्या पोरीला दिसेल इतका. ते रोज सराव करायचे. अंगठ्याला मामी चिकटपट्टी बांधून द्यायच्या, वस्तऱ्याच्या मुठीला कापड गुंडाळून द्यायच्या. वरून हुकूम यायचा, धर! मी जिवाच्या आकांताने निरोप धाडायचे. तोपर्यंत आम्ही सातआठजणीच उरलो होतो. माझ्या तंतुकणिका थकल्या होत्या, वाटेत पुडकी पडून राहिली होती, आणि जे गोळे शेजारणीकडे पाहिले होते तेच आता माझ्या घरात दिसत होते. दुसऱ्या आठवड्यात एकदा बरा काप पडला. मामा हसले. त्या हसण्याने आम्हाला आशा लावली, हे मात्र वाईट झालं.

फेरपरीक्षेच्या दिवशी खोलीत चौघं होती. मामा, मॅडम, चष्मिस आणि परीक्षक. परीक्षक घड्याळ बघत होते. मामांनी गाजर घेतलं, चीर दिली, खोड बसवलं, वस्तरा ओला केला. वरून हुकूम आला. मी निरोप पाठवला, शप्पथ पाठवला, पण माझी कितीतरी टोकं सुटून गेली होती. जे तंतू उरले ते कसेबसे आखडले. वस्तरा तिरका गेला. पुन्हा ओढला, पुन्हा तिरका. पंधराव्या खेपेला वस्तरा हातातून निसटून वाटीवर आदळला आणि पाणी टेबलभर झालं.

"मामा, मी काढून बघू का?" चष्मिसने हळूच विचारलं.

"तसं चालणार नाही," परीक्षक म्हणाले. "यातलाच एखादा लावा आणि आटपा."

मॅडमनी तोंड फिरवलं. मामांनी डाव्या हाताने कुंचला धरून एक काप उचलला, रंगवला आणि काचपट्टीवर ठेवला. तो लाल गोळाच होता, ते त्यांना उघड्या डोळ्यांनीही दिसत होतं. तरी एक कड जरा पातळ होती. पाचसहा पेशी दिसल्या असत्या. ते पोरीला म्हणाले, "कडेला बघ हं, कडेला." त्यांना खात्री होती, ही बघणार.

चष्मिसने मामांकडे पाहिलं. बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. घड्याळ बघणाऱ्या परीक्षकांकडे पाहिलं. मग ती खाली बसली, सूक्ष्मदर्शक बाजूला सारला आणि एकदाही भिंगाला डोळा न लावता तिने अख्खं खोड काढलं. बाहेरचा थर, आतला थर, वाहिन्यांचे जुडगे, मधला भेंड. सगळ्याला नावं दिली. मोजपट्टीने बाण ओढले.

"आता कसं!" परीक्षक खूश झाले. "बघा, काप चांगलाच होता की. उगीच त्या दिवशी बोभाटा केला."

जाताना ती पोर मामांपाशी थांबली. तिचे डोळे भरले होते. "मामा, काप छान होता," ती म्हणाली.

तिने हे मामांसाठी केलं, एवढं मला कळतं. त्यांच्या शेवटच्या कापाला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून केलं. वाईट मनाने केलं असतं तर मी रागावले तरी असते. मामा तिला "हो बाळा" म्हणाले. घरी येऊन मात्र मामींसमोर ते ढसाढसा रडले. "एकच होती गं बघणारी. तिनेही बघायचं सोडलं. माझ्यामुळे सोडलं."

मामींनी त्यांना उगी केलं नाही. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

मित्रांनो, निबंधात आपली कहाणी सांगणाऱ्या माझ्यासारख्या जेव्हा शेवटी बोलतात, तेव्हा जपा, सांभाळा, असं काहीतरी मागतात. मी काय मागू? मला तुम्ही वाचवू शकत नाही. मामांनाही नाही. फक्त कधी कोणी तुमच्यासमोर काचपट्टी ठेवली, तर तिच्यात एकदा बघा. तांबडा डाग दिसला तर तांबडा डाग काढा. कापतील गुण, कापू देत. हे तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही, कारण मी एका धडधाकट पोरीला हे सोडताना पाहिलंय.

आता अंगठ्यासाठी राबणारी मी एकटीच उरले आहे. त्या दिवसापासून वरून वस्तऱ्याचा हुकूम आलेला नाही. पाण्याचा पेला धर, बटण लाव, असले हुकूम येतात आणि अर्ध्या वाटेत पडून राहतात. काल मामींनी पेला मामांच्या ओठांना लावला, तेव्हा मामांनी अंगठा उचलायचा प्रयत्नही केला नाही.